वगळायची पानं : वाचनालयातल्या चिठ्ठ्यांच्या प्रकल्प नोंदी

८ जून

काम ठरलं. वाचनालयातल्या जाडजूड पुस्तकांना आतल्या पुठ्ठ्यावर अर्ध्या पानाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीत कथानक सांगायचं नाही, लेखकाचं चरित्र नाही, आणि 'अवश्य वाचावे' तर नाहीच नाही. पुस्तक कुठे जड जातं आणि तिथे वाचकाने काय करावं, इतकंच. कोणती पानं पहिल्या खेपेस ओलांडली तरी चालतील, कोणती ओलांडली तर पुढे पंचाईत होईल.

सुचलं ग्रंथपाल काकूंना. परत आलेलं पुस्तक त्या झटकून घेतात आणि आत राहिलेली खूण कुठल्या पानाशी आहे ते बघतात. एसटीचं तिकीट, औषधाच्या दुकानाची पावती, लग्नपत्रिकेचा तुकडा, काहीही सापडतं. त्यांचं निरीक्षण असं की 'अभिजात' लिहिलेल्या कपाटातली आणि 'अद्भुत' लिहिलेल्या कपाटातली पुस्तकं सारख्याच जागी सोडली जातात. गोष्ट थांबते आणि लेखक आपलं जग दाखवायला लागतो, तिथे.

फरक पडतो तो नंतरच्या बोलण्यात. टॉलस्टॉय अर्धा सोडणारा सभासद खजील होऊन म्हणतो, "माझीच कुवत कमी पडली." 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन अर्धा सोडणारा ताठ मानेने म्हणतो, "फार पाल्हाळ लावलाय हो." अभिजातातला कंटाळा वाचकाच्या खात्यावर, अद्भुतातला लेखकाच्या. मी दोन्ही कपाटं शाळेपासून उपसत आलेय आणि ही वाटणी मला कधी पटलेली नाही. चिठ्ठ्यांत दोघांना एकच माप लावणार: ते पान काढलं तर पुढे काय कोसळतं?

नियम दोनच. पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही. आणि लिहायचं पेन्सिलीने, म्हणजे कुणाला खोडावंसं वाटलं तर खोडता येईल.

१६ जून

सुरुवात 'मॉबी डिक'पासून, कारण वगळण्यात याचा नंबर पहिला. खूण हमखास बत्तिसाव्या प्रकरणाजवळ सापडते. तोपर्यंत सगळं छान चाललेलं असतं. खलाशांची खानावळ, क्वीक्वेगशी जमलेली दोस्ती, डेकवर उशिरा अवतरणारा कप्तान एहॅब. मग मेलव्हिल कथा बाजूला ठेवतो आणि देवमाशांचं वर्गीकरण करायला बसतो.

पण कसं करतो ते बघा. तो देवमाशांची विभागणी पुस्तकांच्या आकारांप्रमाणे करतो. मोठे ते फोलिओ, मधले ऑक्टाव्हो, छोटे ड्युओडेसिमो. म्हणजे समुद्रातला सगळ्यात अजस्र जीव घेऊन त्याला कपाटात लावायला निघालेला हा माणूस आहे, आणि शेवटी स्वतःच कबूल करतो की ही मांडणी अपुरीच राहणार. वरून ठणकावून सांगतो की देवमासा हा मासाच. हे प्रकरण मला विनोदी वाटतं, आणि ते विनोदी आहे हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लोक त्याला परीक्षेच्या अभ्यासासारखं सामोरं जातात. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला देवमाशांविषयीच्या उताऱ्यांची जी रांग आहे, ती गोळा करणारा म्हणून मेलव्हिलने एक उप-उप-ग्रंथपाल कल्पिला आहे. काकूंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पगार किती होता म्हणावं त्याला."

गाळण्याचा खरा धडा याच पुस्तकाच्या जन्मकथेत आहे. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला ते 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत आधी निघालं, आणि त्या आवृत्तीत शेवटचं छोटं उपसंहाराचं पान छापलंच गेलं नाही. जहाज बुडतं, पण निवेदक इश्माएल कसा वाचला ते त्याच पानावर आहे. साहजिकच तिथल्या समीक्षकांनी विचारलं की सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतोय कोण. एक पान!

चिठ्ठी: बत्तिसावं प्रकरण वाचा, हसायला येतंय का बघा. नाहीच आलं तर दोरखंड, चरबी, शेपूट यांची प्रकरणं सावकाश, एका बैठकीला एक अशी घ्या. सलग घेऊ नका. शेवटचं पान चुकवू नका.

२४ जून

एका ज्येष्ठ सभासदांना चिठ्ठ्यांची कल्पना मुळीच पसंत नाही. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वाचन दांडगं. त्यांचं म्हणणं, "लेखकाने जे लिहिलंय ते वाचायचं. नाहीतर वाचू नये. ही वगळावगळी आजच्या मुलांची." त्यांना मी उत्तर दिलं नाही, पुढचं पुस्तक 'डॉन किहोते' घेतलं.

३ जुलै

वगळावगळी आजची नाही, निदान चारशे वर्षांची आहे.

'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. पहिल्या भागात सर्व्हान्तेसने मुख्य कथा थांबवून दुसऱ्याच लोकांच्या स्वतंत्र कथा घातल्या आहेत. त्यातली एक तर खानावळीत हस्तलिखितातून मोठ्याने वाचून दाखवली जाते, पानंच्या पानं चालते, आणि तिचा किहोतेशी काही संबंध नाही. दहा वर्षांनी दुसऱ्या भागात एक पदवीधर येऊन खुद्द किहोतेला सांगतो की तुमच्यावरचं पुस्तक लोकांना आवडलंय, पण ती मध्येच घातलेली कथा अस्थानी आहे अशी तक्रार आहे. लेखक वाचकांची तक्रार पात्राच्या तोंडी घालतो आणि दुसऱ्या भागात असा मजकूर आवरताही घेतो. ज्येष्ठ सभासदांसाठी या प्रकरणाला खूण लावून पुस्तक वर ठेवलंय.

याच पुस्तकातलं सहावं प्रकरण दोन्ही कपाटांच्या भांडणाचं मूळ समजायला हरकत नाही. वीरकथा वाचून वाचून किहोतेचं डोकं फिरलं, म्हणून गावचा पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तकं जाळायला बसतात. घरकाम करणारी बाई आधी खोलीवर पवित्र पाणी शिंपडायला सांगते, पुस्तकांतला एखादा मांत्रिक अंगावर यायचा म्हणून. मग एकेक पुस्तक हातात घेऊन निवाडा सुरू होतो, आणि गंमत अशी की पाद्रीबुवांना ती सगळी पुस्तकं माहीत असतात. जाळायला बसलेला माणूस स्वतः चाहता आहे! 'अमादीस दे गाउला' जाळण्यातून वाचतं, 'तिरांत लो ब्लांक'चं तर तो तोंड भरून कौतुक करतो. अद्भुताला नावं ठेवणारी जी पहिली मोठी कादंबरी, तिच्या लेखकाने अद्भुत किती मन लावून वाचलं होतं ते या एका प्रकरणावरून कळतं.

चिठ्ठी: मधल्या स्वतंत्र कथा पहिल्या खेपेस ओलांडा, काहीही कोसळत नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत, हे त्यांचं नुकसान.

१९ जुलै

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मुसळधार पाऊस, वाचनालयात शुकशुकाट, त्यामुळे हे काम निवांत झालं.

१९५६ साली अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने 'द नेशन'मध्ये याची बालिश म्हणून यथेच्छ खिल्ली उडवली होती. तो सूर अजून टिकून आहे. मला स्वतःला या पुस्तकात खटकणाऱ्या गोष्टी आहेत. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शत्रूच्या सैन्यातल्या ऑर्कांना मन आहे की नाही हा प्रश्न लेखक नीट सोडवत नाही. पण 'पाल्हाळ' हा आरोप एकेक करून तपासला तर टिकत नाही.

पहिला आरोपी टॉम बॉम्बाडिल. जंगलात राहणारा, गाणी म्हणणारा, कथेला न जुमानणारा म्हातारा. सिनेमावाल्यांनी त्याला काढून टाकलं आणि कुणाचं अडलं नाही, असं सगळे म्हणतात. पुस्तकात अडतं. बॉम्बाडिल हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, थडग्यातल्या भुतापासून सोडवतो आणि तिथल्या खजिन्यातल्या जुन्या कट्यारी त्यांना देतो. त्या कट्यारी अँगमारच्या दुष्ट राजाशी लढलेल्या लोकांनी घडवलेल्या. तिसऱ्या खंडात पेलेनॉरच्या मैदानावर मेरी नावाचा हॉबिट त्याच राजाच्या गुडघ्यामागे वार करतो, आणि टॉल्किन मुद्दाम सांगतो की दुसऱ्या कुठल्याही पात्याने एवढा घाव बसला नसता. इतक्या पानांपूर्वी पेरलेलं तिथे उगवतं. बरं, त्याची गाणी तरी वगळावीत, तर थडग्यात अडकल्यावर मुख्य हॉबिट फ्रोडो त्याला हाक मारतो ती त्यानेच शिकवलेलं गाणं म्हणून. सुटका नाही.

दुसरा आरोपी एल्फांचा प्रमुख एलराँड याच्या दरबारातली सभा. एका जागी बसून माणसं, एल्फ, ड्वार्फ नुसते बोलतात, आणि सबंध महाकथेतलं हे एक सगळ्यात लांब प्रकरण. मला ते सगळ्यात आवडतं. ग्रामसभेत बसल्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ते कंटाळवाणं वाटणार नाही. प्रत्येकजण आपल्या गावची तक्रार घेऊन आलेला, कुणाला अर्धी माहिती, कुणाला वेगळी अर्धी, आणि ती जुळवता जुळवता सगळ्यांच्या लक्षात येतं की यातलं सोपं उत्तर कुणाकडेच नाही. बोरोमिर तिथे जे बोलतो ते लक्ष देऊन ऐकलं की त्याने पुढे केलेला दगा आभाळातून पडल्यासारखा वाटत नाही.

तिसरा, परिशिष्टं. तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ पर्यंत रखडला तो बराचसा या परिशिष्टांपायी. लोक ती पाहतही नाहीत, आणि मग तक्रार करतात की अ‍ॅरागॉर्न-आर्वेन यांची प्रेमकथा कुठाय. ती पहिल्या परिशिष्टात आहे. आर्वेनचा शेवट तिथे वाचावा. अख्ख्या पुस्तकात त्याहून उदास मजकूर मला आठवत नाही.

एक सवलत मात्र देते. एलराँडच्या रिव्हेंडेलमध्ये म्हातारा हॉबिट बिल्बो म्हणतो ते एअरेंडिलचं लांबलचक काव्य. ते सुरू होण्याआधी तिथल्या गाण्यांनी फ्रोडोलाच गुंगी येते आणि तो स्वप्नात जातो. वाचकालाही तेवढी मुभा असावी.

चिठ्ठीत एक ओळ अधोरेखित केली: जिच्या नाशासाठी सगळा प्रवास, ती अंगठी नष्ट झाली म्हणजे पुस्तक संपलं असं समजू नका. घरी परतल्यावर हॉबिटांचा मुलूख शायर कसा बिघडलाय आणि तो कसा निस्तरायचा, ते प्रकरण सिनेमात नाही. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून परतलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे हे तिथे जाणवतं. फ्रोडो जिंकून येतो, पण दरवर्षी त्याच तारखेला त्याची जखम ठणकते आणि गावाला त्याचं फारसं काही पडलेलं नसतं.

२१ जुलै

छोटी नोंद. 'द प्रिन्सेस ब्राइड' (१९७३) चाळली. विल्यम गोल्डमन असा आव आणतो की मॉर्गनस्टर्न नावाच्या कुणा लेखकाचा जुना, जाड, रटाळ ग्रंथ होता, वडील आपल्याला त्यातला फक्त चांगला भाग वाचून दाखवायचे, आणि आपण तेवढाच छापतोय. मॉर्गनस्टर्न अस्तित्वातच नाही. सगळं गोल्डमनचं. मधूनमधून तो येऊन सांगतो की इथे सामानाच्या बांधाबांधीची पानंच्या पानं होती, ती मी काढली. न लिहिलेली पानं वगळून दाखवणारं पुस्तक! याला चिठ्ठी नको, लेखकाने आतच लावून ठेवलीय. कॉलेजच्या मुलांना आधी हेच द्यावं असं काकूंना सुचवलं.

६ ऑगस्ट

'युद्ध आणि शांतता'. सुरुवातच फ्रेंच फाडणाऱ्या रशियन सरदारांच्या मेजवानीने, १८०५ सालच्या. भाराभर नावं, प्रत्येकाची तीन-तीन रूपं. निम्म्या खुणा तिथेच सापडतात.

चिठ्ठीत तीनच नावं दिली: प्येर, आंद्रेई, नताशा. यांच्यावर नजर ठेवा, बाकीचे आपोआप जागेवर बसतील. दुसरी सूचना, घाई नको. हे पुस्तक हप्त्याहप्त्याने वाचलं जाण्यासाठी निघालं होतं. १८६६ साली 'रुस्की वेस्तनिक' या एकाच मासिकात याचा सुरुवातीचा भाग आणि दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' दोन्ही छापून येत होत्या. काय मासिक असेल! पुस्तकात लहान लहान मिळून ३६१ प्रकरणं आहेत. रोज एक घेतलं तर वर्ष पुरतं आणि ओझं वाटत नाही.

आता दुसरा उपसंहार. बारा प्रकरणं, पात्र एकही नाही, इतिहास कोण घडवतो आणि माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का यावर निबंध. टॉलस्टॉयलाही इथे शंका आली असावी. १८७३ च्या आवृत्तीत त्याने फ्रेंच संवाद रशियनमध्ये केले आणि तात्त्विक मजकूर उचलून वेगळ्या परिशिष्टात टाकला. १८८६ मध्ये ते सगळं परत जागेवर आलं. तेव्हा, पहिल्या वाचनात हा निबंध सोडा. खुद्द लेखकाने एकदा सोडला होता.

पण पहिला उपसंहार सोडू नका. नताशा अंगाने सुटलीय, गाणं बंद, आणि बाळाच्या लंगोटावर हिरव्याऐवजी पिवळा डाग आहे, बाळ बरं होतंय, म्हणून आनंदाने सगळ्यांना दाखवत येते. कित्येक वाचकांना याचा राग येतो, मलाही आला होता. टॉलस्टॉय तिला संसारात कोंबून गप्प करतो असं वाटतं, आणि थोडंफार तसं आहेच. तरी नेपोलियन, बोरोदिनो, जळणारं मॉस्को एवढं सगळं उलटून गेल्यावर घरातलं शेवटचं मोठं वृत्त म्हणजे लंगोट, हे लिहायला जो दम लागतो तो मला मान्य आहे.

११ ऑगस्ट

टॉलस्टॉय हातात आहे तोवर 'अ‍ॅना कॅरेनिना'. लेव्हिन हा जमीनदार शेतकऱ्यांबरोबर दिवसभर गवत कापतो ती दोन प्रकरणं अनेकजण भराभर उलटतात, कारण सगळ्यांना अ‍ॅनाकडे परत जायचं असतं. उलटू नका. विळा चालवताना हात आपोआप चालायला लागतो तो क्षण ज्याने शेतात काम केलंय त्याला लगेच ओळखता येईल.

आणि अ‍ॅनाच्या मृत्यूनंतरचा भाग. मासिकाचा संपादक कात्कोव्ह याने १८७७ मध्ये तो छापायचाच नाकारला. त्यातली युद्धाविषयीची मतं त्याला पटली नाहीत. नायिका मेली, कादंबरी आटोपली, पुढे काय झालं ते थोडक्यात असं, अशा थाटाची टीप त्याने वाचकांना दिली. टॉलस्टॉयला तो भाग स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढावा लागला. माझ्या मते कात्कोव्हच्या टिपेवर समाधान मानणारा वाचक लेव्हिनची गोष्ट वाचतच नव्हता.

२० ऑगस्ट

'ले मिझराब्ल', १८६२. वॉटर्लूची लढाई, १९ प्रकरणं, आणि पात्रांपैकी जवळजवळ कुणीही त्यात नाही. ह्यूगो १८६१ मध्ये त्या रणभूमीवर जाऊन राहिला आणि पुस्तक तिथेच पुरं केलं. मग लिहिलेलं काढून टाकणार कसा!

इथे मी क्रूर आहे. पहिली अठरा सोडा, एकोणिसावं वाचा. रात्री प्रेतांच्या खिशांत हात घालणारा तेनार्दिये एका जखमी अधिकाऱ्याला ओढून काढतो, लुटण्यासाठी, आणि तो अधिकारी समजतो याने मला वाचवलं. पुढे त्या अधिकाऱ्याचा मुलगा मारियुस पिस्तूल हातात घेऊन इशाऱ्याची गोळी झाडायच्या बेतात असताना 'तेनार्दिये' हे नाव ऐकतो, आणि वडिलांच्या ऋणापायी त्याचा हात थिजतो. सगळा पेच त्या एका प्रकरणावर उभा आहे.

पॅरिसच्या गटारांची प्रकरणं मात्र सोडू नका. ह्यूगो चिडून सांगतो की हे शहर आपलं सोनखत नदीत सोडून दरवर्षी कोट्यवधी फ्रँक समुद्रात घालवतं. त्यानंतर कथानायक ज्यां वालज्यां मारियुसला पाठीवर घेऊन त्याच गटारांतून जातो तेव्हा प्रत्येक वळणाचा वास येतो.

३१ ऑगस्ट

'व्हील ऑफ टाइम'. चौदा खंड, १९९० ते २०१३. अद्भुताची बाजू घेते म्हणून माझ्यावर पक्षपाताचा आरोप होतोय, तर हे घ्या.

पहिले पाच-सहा खंड मी झपाटून वाचले. रॉबर्ट जॉर्डनच्या जगात पुरुषांची जादू विटाळलेली आहे, ती वापरणारा पुरुष वेडा होतो, त्यामुळे सत्ता बायकांच्या हाती. ही एक कल्पना घेऊन तो राजकारण, धर्म, लग्नं सगळं बदलून दाखवतो. पण दहाव्या खंडात (२००३) गाडी रुतते. नवव्याच्या शेवटी घडलेल्या प्रचंड घटनेच्या वेळी बाकीचे कुठे होते, त्यांना काय जाणवलं, हे सांगण्यात जवळजवळ सगळा खंड जातो. चहा, आंघोळी, झग्यांच्या गळ्यांवरचं भरतकाम. माप तेच लावलं: काढला तर काय कोसळतं? फार थोडं. ही पानं जग दाखवत नाहीत, पुढे काय करायचं हे न सुचल्यासारखी रेंगाळतात.

चिठ्ठी: आठव्या ते दहाव्या खंडांचा गोषवारा कुणाकडून तरी ऐकून अकरावा उचला. तो जॉर्डनने स्वतः पुरा केलेला शेवटचा मुख्य खंड. २००७ मध्ये तो गेला आणि त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने उरलेले तीन लिहिले. आपल्याकडे बाणभट्टाची 'कादंबरी' अशीच अर्धी राहिली होती आणि ती मुलाने पुरी केली. शाप, पुनर्जन्म, गोष्ट सांगणारा पोपट असं सगळं तिच्यात आहे, पण ती अभिजाताच्या कपाटात, आणि तिच्यातल्या पानपानभर वाक्यांना कुणी पाल्हाळ म्हणत नाही.

'अ साँग ऑफ आइस अँड फायर'ला चिठ्ठी लावत नाही. पाचवा खंड २०११ साली आला. सहाव्याची वाट बघणारे आमचे सभासद तोवर कॉलेजातून नोकरीत गेले. अर्ध्या इमारतीतली कुठली भिंत जादा आहे ते कसं सांगणार?

१० सप्टेंबर

अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'ला (१९६८) चिठ्ठीची गरज नाही. वगळण्यासारखं काही नाही, आहे ते पुस्तकच बारीक. इतरांना खंड लागतात ते ही बाई अर्ध्या वाक्यात उरकते, आणि नायक तांबूस-सावळ्या रंगाचा आहे हे एवढ्या सहज सांगते की कित्येकांच्या ते ध्यानातही येत नाही.

पण त्याच मालिकेतलं 'टेहानू' (१९९०) परत परत अर्ध्यावर येतं. खूण कुठेही असू शकते. आधीच्या भागातला महाजादूगार गेड आता जादू गमावून बसलाय. नायिका मध्यमवयीन विधवा, शेत, शेळ्या, भाजलेली एक पोर. "यात घडत काहीच नाही," असं एका मुलाने काकूंना सांगितलं. घडतं. तिचा दर्यावर्दी मुलगा घरी येतो, भांडी घासणं बायकांचं काम म्हणून हात लावत नाही, आणि एके काळी ड्रॅगनशी बोललेला गेड उठून ती घासतो. माझ्यापुरतं, अद्भुत साहित्यातलं हे एक मोठं दृश्य आहे.

चिठ्ठी: काहीही वगळू नका. पण वयाच्या तिशीनंतर वाचा.

१८ सप्टेंबर

'टेहानू'मुळे मराठीकडे वळले. आपल्या सुरुवातीच्या बऱ्याच कादंबऱ्या अद्भुताच्याच. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८. रिसबुडांनी प्रस्तावनेत कारणही दिलंय. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीती वगैरे पाहता रोजच्या आयुष्यात रंजक असे दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुतच गाठावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे रिसबुडांनी रोजचं जगणंच वगळायच्या पानांत टाकलं.

मग १८९० पासून 'करमणूक'मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली, आणि लग्नाच्या त्याच चालीरीतींतून यमूची गोष्ट निघाली. तिच्या बालपणाची प्रकरणं संथ आहेत, हप्त्यांची म्हणून थोडी फुगलेलीही. तरी चिठ्ठीत लिहिलं की ती वाचाच. ते घर, ती चेष्टामस्करी, त्या बारीकसारीक कुरबुरी अंगवळणी पडल्या नसतील तर शेवटी तिचं केशवपन होतं ते एक सामाजिक प्रश्न म्हणून वाचलं जातं, आणि आत काही हलत नाही.

ज्येष्ठ सभासद आज स्वतःहून आले. 'डॉन किहोते'तलं ते प्रकरण त्यांनी वाचलं होतं. म्हणाले, "तक्रार आहे, पण सर्व्हान्तेसने ती कथा काढली तर नाही ना पुढच्या आवृत्तीतून?" मुद्दा बिनतोड. मग भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर बोलणं गेलं. १९१९ ते १९६६, १,२५९ हस्तलिखितं, संपादक सुखटणकरांनी घालून दिलेली शिस्त. मागाहून शिरलेलं म्हणून त्यांनी केवढं तरी बाहेर काढलं. व्यासांच्या तोंडून लिहून घेणारा गणपतीसुद्धा मुख्य पाठातून परिशिष्टात गेला. पण फेकलं काही नाही. सगळं तळटीपांत आणि परिशिष्टांत तसंच आहे, ज्याला हवं त्याने पाहावं. यावर आमचं दोघांचं जमलं. चिठ्ठ्यांत 'वगळा' हा शब्द त्यांच्या सूचनेवरून 'नंतर वाचा' असा केला. त्यांची पेन्सिल माझ्याहून टोकदार आहे.

४ ऑक्टोबर

गौरी देशपांड्यांनी बर्टनवरून केलेले 'अरेबियन नाइट्स'चे १६ खंड ज्येष्ठ सभासदांनी स्वतःकडे घेतलेत. अट एकच, नियम सगळ्यांना सारखा, पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही. त्यांनी होकार दिला आणि पहिले दोन खंड पिशवीत घातले.

कपाटं एकत्र करावीत का, असं काकूंनी विचारलं. मी नको म्हटलं. लोकांना आपापलं कपाट सवयीचं झालंय. फक्त 'कादंबरी' उचलून अद्भुतात ठेवली आणि मर्व्हिन पीकची 'टायटस ग्रोन' अभिजातात. दुसरी अदलाबदल टिकेल, पहिलीवर कुणीतरी येऊन भांडेल असा काकूंचा अंदाज.

पीकची चिठ्ठी बाकी आहे. १९४६ ची कादंबरी, जादू नावाला नाही, नायक पहिल्या खंडात तान्हाच, आणि एक पडका अवाढव्य वाडा, ज्याच्या जिन्यांवर आणि छपरांवर पीक चित्रकाराच्या नजरेने रेंगाळतो. निम्म्यावर आलेय. अजून काही कोसळेल असं दिसत नाही आणि काढावंसंही काही वाटत नाही, त्यामुळे माझं माप इथे चालेल की नाही कोण जाणे. दिवाळी अंक यायला लागले की काकूंना मान वर करायला फुरसत नसते, त्याआधी ही एक आणि 'गुन्हा आणि शिक्षा'ची चिकटवून टाकायची.